पुढच्या रांगेतली खुर्ची

आमच्या मांपोंग गावात कुणाच्या घरी संडास कुठे आहे, त्याला आतून कडी लागते की नुसता पडदा आहे, पाण्याचं पिंप भरलेलं असतं की घरचे लोक पाहुण्याला त्याच्या नशिबावर सोडतात, हे दुफीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. लोकांना वाटे, धंद्यामुळे असेल. धंदा तिचा मांडव-खुर्च्यांचा. आमच्याकडे माणूस गेला की लगेच पुरत नाहीत. प्रेत शीतघरात राहतं, नातेवाईक कुठून कुठून गोळा होतात आणि मग एखाद्या शनिवारी सकाळी दफन आणि नंतर दिवसभर बैठक. अख्खं गाव काळ्या-तांबड्या कापडात येऊन बसतं. त्या बसण्याला खुर्च्या लागतात, डोक्यावर सावली लागते, आणि ती दुफीच्या गोदामातून येते.

खरं कारण पोटात होतं. दुफीच्या मोठ्या आतड्याला आतून व्रण होते. कित्येक वर्षं सगळ्यांनी त्याला मूळव्याध म्हणून खपवलं. मिनीबसमध्ये उभं राहून देवाचं नाव घेत बाटल्या विकणाऱ्या प्रत्येक वैदूचा काढा तिनं पिऊन पाहिला होता, आणि रक्त पडायचं काही थांबलं नव्हतं. शेवटी कुमासीच्या इस्पितळात नळी घालून बघितलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूळव्याध कसली? आतड्याचाच रोग आहे हा. जाणार नाही. पण गोळ्या घेतल्यास, जपून राहिलीस, तर नांदेल तुझ्याबरोबर." तेव्हापासून दुफी त्याला नांदवत होती, घरातल्या दारुड्या दिराला नांदवतात तसं. महिनोन्महिने तो गप्प असायचा, आणि नेमकं लग्न, मयत, लांबचा प्रवास आला की उठून तमाशा करायचा.

दुखणं एक वेळ सोसवतं. पण त्याच्या मागची अखंड आखणी जीव नको करते. उद्या बाहेर जायचंय, तर आज काय खायचं नाही. गाडी वाटेत कुठे थांबते. कुणाच्या दारात जाऊन मागायची लाज वाटणार नाही. पिशवीत कापडाची घडी आहे ना, कागद आहे ना. सगळ्यांच्या ताटात लालभडक रस्सा आणि हिच्या ताटात मिरचीशिवायचं पांढरं पाणी. "पुन्हा बाळंतीण झालीस का गं?" हा विनोद तिनं इतक्यांदा ऐकला होता की आता ती हसतही नसे आणि चिडतही नसे. चिडायलाही अंगात त्राण लागतं.

हे सगळं एकट्या आईला ठाऊक होतं. दुफीचा नवरा लॉरी घेऊन उत्तरेकडे जाऊन-येऊन असायचा. बायकोचं पोट नाजूक आहे, एवढ्यावर त्याचं ज्ञान संपत होतं. आई मात्र कुठल्याही बैठकीत दुफीच्या शेजारच्या खुर्चीवर बसे. दुफी उठली की आपली काळी पर्स तिच्या खुर्चीवर ठेवून देई. कुणी विचारलंच तर म्हणे, "आत्ता इथेच तर होती." आणि बरोबर जाता आलं, तर संडासाच्या दाराबाहेर उभी राहून मोठ्यानं चर्चमधलं गाणं म्हणे, आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. "बस सावकाश. मी आहे इथे," असं म्हणायची आणि पुढचं कडवं धरायची.

आता या शनिवारी आईचीच बैठक होती, आणि पर्स ठेवायला आई नव्हती.

एकुलती एक मुलगी म्हणून दुफीची खुर्ची पुढच्या रांगेत, अगदी मधोमध. येणारे लोक ओळीनं येतात, घरच्यांच्या रांगेशी उजवीकडून डावीकडे हात मिळवत जातात आणि मग आपापल्या मांडवात बसतात. ओळीमागून ओळ, संध्याकाळपर्यंत. मुलीचा हात मिळाला नाही तर ते गावाच्या लक्षात राहतं. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या बैठकीत तेच झालं होतं. आई तेव्हा तापानं पडून होती. दुफी सारखी उठत राहिली, आणि सासूच्या माहेरचे लोक हात मिळवायला आले तेव्हा सुनेच्या जागी रिकामी प्लास्टिकची खुर्ची. आतेबहीण कोनादू सगळ्यांसमोर म्हणाली होती, "दुफी सासऱ्याला रडायला आली होती की आपल्या खुर्च्या मोजायला?" सासू त्या दिवसापासून तिच्याशी बोलत नव्हती. सासऱ्यांचं एक वेळ ठीक. पण आईच्या दिवशी खुर्ची रिकामी दिसली तर दुफीला स्वतःचंच तोंड बघवलं नसतं.

त्यात बैठक शाळेमागच्या मैदानावर. घरच्यांचा मांडव वरच्या अंगाला आणि संडास पार खालच्या टोकाला, म्हणजे दर वेळी सगळ्या गावाच्या नजरेसमोरून मैदान ओलांडायचं. दुनियेचे मांडव ती हवे तिथे हलवायची. आपला एक हलवायचा तर कारण सांगावं लागत होतं. तिनं बिचकत बिचकत कुळाच्या प्रमुखांना, नाना बोआतेंगना, विचारून बघितलं.

"नाना, घरच्यांचा मांडव खालच्या बाजूला घेतला तर?"

"का गं?"

"काही नाही. वर ऊन येतं."

"ऊन खालीच जास्त येतं. तू मांडववाली आणि तुला हे मी सांगू?"

विषय तिथेच संपला.

आई गेल्यापासून पोट बिथरलं होतं. गोळ्या वाढवल्या, जेवण कमी केलं, गुरुवारपासून तर नुसत्या उकडलेल्या भाताच्या पाण्यावर राहिली, तरी ते ऐकेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुफी अजून रडलीच नव्हती. वेळच मिळाला नाही. आईचा चेहरा डोळ्यापुढे यायचा, तेवढ्यात पोटात पीळ पडायचा आणि धावावं लागायचं. परत येईपर्यंत दुःख निघून गेलेलं असायचं आणि फक्त थकवा उरायचा.

शुक्रवारी दुपारी एजुराहून अचिया मावशी आली. आईची थोरली बहीण, म्हणजे रीतीनं दुफीची आईच. दुफी तिला मामे, म्हणजे आई, अशीच हाक मारायची. ऐंशीच्या घरातली, पण पाठ ताठ. ईस्टरला चर्चच्या पायऱ्यांवर एका पुतण्यानं आधार द्यायला हात पुढे केला, तर त्याच हातावर तिनं छत्री हाणली होती. "मी अजून मेले नाही," असं वर ऐकवलं होतं. मावशीनं कधी कुणाचा हात धरला नाही आणि मला हे होत नाही, असं तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

तिनं यामाच्या कंदांचं पोतं ओट्याशी टेकवलं, बसली, आणि थोड्या वेळातच तिच्या सगळं ध्यानात आलं.

"किती वेळा जातेस गं? मूळव्याध परत आली वाटतं."

"ती मूळव्याध नव्हती, मामे."

"बरं बाई, तुझ्या डॉक्टरांनी काय बारसं केलं असेल ते असेल. मागच्या वेळी कुणी बरी केली? मी. तुझ्या आईनं, पोकुआनं, स्वतः सांगितलं मला, की अचिया, तुझ्या हाताला गुण आहे. उद्या तुला दिवसभर बसायचंय. एकदा पोट धुऊन काढलं की बसशील दगडासारखी."

आणि तिनं पिशवीतून आल्याचे मोठाले गड्डे काढले, आणि तो तांबड्या रबराचा फुगा.

तो फुगा आमच्याकडे घराघरात असतो. पोरगं किरकिरलं, म्हाताऱ्याला वात झाला, बाळंतिणीचं पोट सुटलं, की आलं-मिरची वाटून पाण्यात कालवायची, फुग्यात भरायची आणि मागच्या बाजूनं आत सोडायची. दुफी त्यावरच वाढली होती. मावशी खरबरीत मातीच्या वाडग्यात आलं वाटायला बसली आणि तो वास घरभर झाला, तशी दुफीची आतडी आपोआप आक्रसली.

तिला नाही म्हणायचं होतं. पण एक क्षण तिच्या मनात आलं, करू दे. पोट रिकामं तर होईल. उद्याचं निभेल, मग परवा काय व्हायचं ते होवो. खरं म्हणजे तिला भांडायचा कंटाळा आला होता. प्रत्येकाला समजावून सांगायचा, प्रत्येकाच्या औषधाला हात जोडायचा, सगळ्याचाच कंटाळा. मावशीनं चटई टाकली, दुफी मुकाट्यानं कुशीवर पडली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"गुडघे वर घे," मावशी म्हणाली. आवाज किती मायेचा होता.

भिंतीला आईचा फोटो टेकवून ठेवलेला होता, उद्या खुर्चीवर मांडायचा म्हणून. दुफी उठून बसली.

"मामे, नको."

"लहान पोर आहेस का? पड गप."

"मागच्या वेळी याच औषधानं मला इस्पितळात नेलं."

मावशीचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"तू एजुराला परत गेलीस ना, त्याच संध्याकाळी. चटई भिजली रक्तानं. मला रक्त चढवावं लागलं, मामे. डॉक्टरीणबाई आईवर ओरडल्या, की आत जखमा असताना वर आलं-मिरची घालता? माणूस आहे की लोणचं? आईनं मला शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून."

"पोकुआ मला म्हणाली, तू बरी झालीस. माझ्या हातानं."

"तिला तुझं मन मोडवेना."

मावशीनं फुगा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे माझी बहीण माझ्याशी खोटं बोलून मेली." तिनं वाडगा उचलला आणि बाहेर गेली. गटारात पाणी ओतल्याचा आवाज आला. त्यानंतर ती दुफीशी एक शब्द बोलली नाही. जेवणाला हाक मारली तर मान हलवली, आणि भिंतीकडे पाठ करून झोपली. दुफीला वाटलं, झालं, एका आईला पुरायच्या आदल्या दिवशी आपण दुसरीही घालवली. जीभ छाटून टाकावीशी वाटली तिला. पण त्याच वेळी पुन्हा पीळ आला आणि तेही राहिलं.

सकाळी दफन झालं. बायका गळा काढून रडत होत्या, आणि दुफी खड्ड्याच्या काठाशी उभी राहून दफनभूमीपासून घरापर्यंतचं अंतर मनात मोजत होती. त्याची तिला इतकी लाज वाटली की तिनं मान वर केली नाही. कोनादूनं शेजारणीला कोपर मारलं, "डोळे बघ कसे कोरडे."

मग मैदान. दुफीच्याच निळ्या खुर्च्या, दुफीचेच मांडव. ती पुढच्या रांगेत मधोमध बसली, शेजारी खुर्चीवर आईचा फोटो. मावशी म्हाताऱ्या बायकांबरोबर टोकाला बसली होती, छत्री मांडीवर आडवी. तिनं दुफीकडे पाहिलंही नाही. ढोल सुरू झाले. पहिली ओळ आली, उजवीकडून डावीकडे, हातामागून हात. दुफीनं दात आवळून ती ओळ पार पाडली. चर्चच्या बायका आल्या, त्याही निभल्या. शाळेचे मास्तर येईपर्यंत तिच्या कपाळावर घाम फुटला होता. समोर मैदान पसरलं होतं, त्या टोकाला संडासाचा हिरवा पत्रा, आणि मध्ये अख्खं मांपोंग बसलेलं.

"दुफी," मागून कोनादू पुटपुटली, "आज तरी बूड टेकून बस हं. आई आहे तुझी."

दुफीनं डोळे मिटले. उठावं तर नाचक्की, आणि बसावं तर याहून मोठी. तेवढ्यात ढोलवाल्यांनी दम घ्यायला हात थांबवला, आणि त्या शांततेत एक खणखणीत आवाज आला.

"दुफी! ए दुफी! ऊठ आधी. मला संडासला घेऊन चल."

नाना बोआतेंग आपल्या सपातांकडे बघायला लागले. कोनादू लगबगीनं उठली. "मी नेते ना, मामे. ती बसू दे."

"तू? वाटेत अर्ध्या गावाच्या चहाड्या सांगशील, माझं तिथेच होऊन जाईल. माझी पोर नेईल मला."

बायका तोंडावर पदर धरून हसल्या. मावशी रांगेतून आली, आपली छत्री दुफीच्या खुर्चीवर आडवी ठेवली आणि सगळ्यांच्या देखत तिचा हात धरला. तिनं कुणाचा हात धरलेला बघायला माणसं माना वळवून वळवून बघत होती. चार पावलं गेल्यावर दुफी कळवळून म्हणाली, "मामे, तू हळू चालतेस. मला थांबवत नाही गं."

"मग पळ की!" मावशी कुजबुजली, आणि लगेच गळा काढून ओरडली, "पुढे जाऊन बघ स्वच्छ आहे का! मी कुठेही बसणारी बाई नाही!"

दुफी धावली. आणि गावानं बघितलं ते एवढंच, की पोर म्हाताऱ्या मावशीसाठी धावतेय.

ती बाहेर आली तेव्हा मावशी भिंतीला टेकून धापा टाकत होती. तिनं नळावर दुफीचे हात धुऊन घेतले, कोपरापर्यंत, लहानपणी धुवायची तसे. परतताना दोघी सावकाश चालल्या. मैदानाच्या मध्यावर, समोर बघतच, मावशी म्हणाली, "त्या वेळी मी मिरच्या जास्त घातल्या होत्या. लवकर उतार पडावा म्हणून."

दुफीनं मावशीचा हात जरा घट्ट धरला, आणि मावशीनं तो झटकला नाही.

मग दुपारभर हेच चाललं. दुफीनं नुसती मान वळवली की टोकाकडून हाक यायची, "चल गं बाई, माझं काही खरं नाही आज." ओळी येत राहिल्या. कधी दुफी जागेवर असायची, कधी नसायची. नसली की खुर्चीवर छत्री असायची आणि कुणीतरी सांगायचं, मावशीला घेऊन गेलीय, बिचारी. सासू आली. दुफी नुकतीच परतून टेकली होती. सासूनं तिचा हात हातात घेतला, जरा थांबली, आणि दोन वर्षांनी बोलली, "म्हातारीचं करतेस, बरं करतेस." तोवर मागच्या मांडवात कुजबुज पोचली होती, की अचियाचं आता झालं म्हणायचं, आवरत नाही तिला, काय रुबाब होता एकेकाळी. ते मावशीच्या कानावर गेलं. तिची हनुवटी वर झाली, ओठ घट्ट मिटले, पण पुढच्या वेळी तिनं हाक आणखी मोठ्यानं मारली.

उन्हं कलली तेव्हा मावशीचे गुडघे बोलायला लागले होते. शेवटच्या फेरीला ती दोन ठिकाणी थांबली. दुफीला या वेळी तेवढी घाई नव्हती, तीही थांबली.

"पोकुआ काय करायची गं अशा वेळी?" मावशीनं विचारलं.

"पर्स ठेवायची. खुर्चीवर."

"आणि?"

"दाराबाहेर गायची. मोठ्यानं. आतलं ऐकू जाऊ नये म्हणून."

"गायची?" मावशीनं नाक मुरडलं. "मला गाता येत नाही. गायकवृंदातून मला लहानपणीच काढलं होतं, तुझ्या आईच्याच देखत. हसली होती मेली."

"माहीत आहे. आई सांगायची."

दुफी आत गेली, कडी लावली आणि बसली. बाहेर काही वेळ नुसता लांबून ढोल ऐकू येत होता. मग मावशीनं घसा खाकरला. आणि ती गायला लागली, आईचंच गाणं, पण सुराचा पत्ता नाही, शब्द अर्धे चुकलेले, आवाज फाटका आणि दमलेला.

"बस सावकाश," ती मध्येच थांबून म्हणाली. "मी आहे इथे."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुफीच्या डोळ्यापुढे आईचा चेहरा आला, आणि या वेळी पोटातून काही उठलं नाही, कुठे धावायचं नव्हतं, जिथे धावायचं तिथे ती आलेलीच होती. आई, ती म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली. मग तिला आवरलंच नाही. काळं कापड तोंडात कोंबलं तरी आवाज पत्र्याबाहेर फुटला, मैदानावर गेला, आणि खालच्या मांडवातली एक बाई शेजारणीला म्हणाली, "रडली गं पोकुआची पोर."

बाहेर मावशीनं ते ऐकलं, आवाज आणखी चढवला, आणि दुसरं कडवं येत नव्हतं म्हणून पहिलंच पुन्हा धरलं.